लोकरीची चुंबळ

चुलीवरचे तापलेले पातेले उतरविण्यासाठी आपल्या आया-आज्या पदराचा शेव पुढे करीत, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पदर पेटल्याच्या कथाही घरोघरी ऐकल्या आहेत. आमच्या घरी मात्र पातेले धरण्यासाठी लोकरीची एक जाड, निळी घडी खुंटीला टांगलेली असे. तिचा जन्म माझ्याच अपराधातून झाला होता. लहानपणी मी माझा हातविणीचा स्वेटर उकळत्या पाण्यात घालून साबणाने मनसोक्त चोळला. तो आकसून बाहुलीच्या मापाचा झाला. आई रागावली, पण दुसऱ्याच दिवशी तिने तो कात्रीने कापला. आश्चर्य असे की, एकही टाका उसवला नाही. त्या घडीने पुढे कित्येक वर्षे तिचे हात राखले.

असे का व्हावे? लोकरीच्या प्रत्येक केसावर माशाच्या खवल्यांसारखे सूक्ष्म पदर असतात आणि त्यांची टोके एकाच दिशेला वळलेली असतात. उष्ण पाणी, साबण आणि घर्षण यांचा योग आला की केस पुढे सरकतात, एकमेकांत गुंततात. खवल्यांमुळे मागे फिरणे त्यांना शक्य होत नाही. अशा जमून गेलेल्या लोकरीलाच आपण नमदा म्हणतो. सुताच्या धाग्याला हा गुण नाही.

संत क्लेमेंट प्रवासात असता त्यांनी चपलांत लोकर घातली, घामाने व चालण्याने तिचा नमदा झाला आणि ही कला जगाला मिळाली, अशी ख्रिस्ती परंपरेत एक गोड आख्यायिका आहे. टोप्या करणारे कारागीर त्यांना आपले पालक संत मानीत. क्लेमेंट पहिल्या शतकाच्या अखेरचे. इतिहास मात्र आख्यायिकेच्या मागे जातो. इ. स. ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरातील एका भिंतीवर नमदा करणारे कारागीर रंगविलेले आहेत. त्याहून जुना पुरावा अल्ताई पर्वतातील पाझिरीकचा. तेथील बर्फाने जपलेल्या थडग्यांत रुदेन्को या रशियन संशोधकाला सुमारे २,३०० वर्षांपूर्वीचे नमदे सापडले. त्यांत रंगीत पडदे होते, मोजे होते आणि गोल बुडाची भांडी कलंडू नयेत म्हणून केलेली नमद्याची कडीही होती. कडी कसली, चुंबळच ती! राजाच्या थडग्यातही स्वयंपाकघराने आपली जागा सोडली नव्हती.

विणून मग लोकर जमविण्याची रीत युरोपात टोप्यांनी रुजविली. इंग्लंडात १५७१ मध्ये कायदाच झाला की, सहा वर्षांवरील सामान्य माणसाने रविवारी व सणाच्या दिवशी देशी लोकरीची, विणून जमविलेली टोपी घातलीच पाहिजे. न घातल्यास दिवसाला तीन शिलिंग चार पेन्स दंड. विणकरांची चूल पेटती राहावी, हा हेतू. पण लोकांची आवड पालटली होती. १५९७ मध्ये कायदा रद्द करावा लागला.

हा धडा आपल्यालाही लागू आहे. दख्खनच्या मेंढीची काळी, राठ लोकर एके काळी घोंगडीसाठी हातोहात जाई. आज तिला गिऱ्हाईक नाही म्हणून धनगर ती कित्येकदा टाकून देतो. दुसरीकडे बाजारात 'लोकर' म्हणून आपण जे गुंडे आणतो, त्यांत पुष्कळदा अ‍ॅक्रिलिकचा कृत्रिम धागा असतो. तो जमत नाही आणि तापल्या तव्याला लागला तर वितळून हाताला चिकटतो. खरी लोकर सहसा भडकत नाही; ज्वाळा दूर केली की विझते. म्हणून खरेदीपूर्वी एक धागा काळजीपूर्वक जाळून पाहावा. केस जळल्याचा वास आला आणि चुरडणारी राख उरली, तर तो खरा.

अशा लोकरीचा चौकोन सैल टाक्यांनी, हव्या मापापेक्षा बराच मोठा विणावा. मग गरम पाण्यात साबणाने टाके दिसेनासे होईपर्यंत चोळावा आणि सपाट पसरून वाळवावा. राठ लोकर सावकाश जमते. पण तव्याशी गाठ असलेल्या वस्तूला मऊपणा हवा कशाला? एवढे मात्र ध्यानात ठेवावे की, घडी कोरडीच वापरावी. ओली घडी चटका रोखत नाही.

कायद्याने टोपी टिकली नाही. आईची घडी मात्र रोज हाती लागे म्हणून टिकली. कोणत्याही कलेचे आयुष्य शेवटी अशा एखाद्या खुंटीलाच टांगलेले असते.