किल्ली कोणाकडे? वऱ्हाडातल्या साठवणुकीचा इतिहास

आजचा विषय ऐकायला जरा कोरडा वाटेल. लढाया नाहीत, राजे नाहीत. माल ठेवायच्या जागा, त्यांची कुलपं आणि त्यांच्या पावत्या, एवढंच आज आपण पाहणार आहोत. पण वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला त्याच्या पिकाचा भाव काय मिळाला, हे बऱ्याचदा या जागांनीच ठरवलं आहे. म्हणून थोडं सावकाश बघू.

सुरुवात गावाच्या नावापासून करू. अमरावती जिल्ह्यात अचलपूरकडे एक धामणगाव आहे, त्याला धामणगाव गढी म्हणतात. दुसरं चांदूर आणि पुलगावच्या मध्ये, वर्धा नदीच्या अलीकडे आहे, ते धामणगाव रेल्वे. एकाच्या नावात गढी, दुसऱ्याच्या नावात रेल्वे. गढी म्हणजे जाड भिंती, बुरूज आणि एकच मोठा दरवाजा. आत ठेवलेलं राहतं, पण आत नेणं आणि बाहेर काढणं त्रासाचं. रेल्वेचा मालधक्का याच्या उलट. माल आला, चढला, गेला. सोय भरपूर, पण माल उघड्यावर. साठवणुकीचा सगळा इतिहास या दोन टोकांच्या मधला आहे असं म्हटलं तरी चालेल: एकीकडे सुरक्षितता, दुसरीकडे सोय.

आज पुण्या-मुंबईत सेल्फ स्टोरेज नावाचा धंदा दिसतो. महिन्याच्या भाड्यानं छोटी खोली मिळते, कुलूप आपलं, किल्ली आपल्याकडे, दारावर कॅमेरा, हवं तेव्हा जाऊन सामान काढायचं. अमेरिकेत टेक्सासकडे १९६०च्या दशकात या धंद्यानं आजचं रूप घेतलं. त्यांच्या जाहिरातीत सुरक्षितता आणि सोय हे दोन शब्द हमखास असतात. आपल्याला तिसरा प्रश्न विचारायचा आहे. किल्ली कोणाकडे, आणि माल बिघडला तर जबाबदार कोण?

आपल्या जुन्या घरांत या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. घरात कणगी असे, भिंतीत बळद असे. ज्यांच्याकडे ज्वारी जास्त, त्यांचं पेव असे. पेव म्हणजे जमिनीत खणलेला, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असा खड्डा. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, म्हणून पेवाला पांढरीची किंवा मुरमाची जागा धरायची. आत कडब्याचं अस्तर, मग ज्वारी, वर पुन्हा कडबा, आणि शेवटी मातीनं तोंड बंद.

यातली सुरक्षितता दुहेरी होती. एक तर पेव दिसत नाही. वर माती पसरली की गाव सोडून कोणाला कळणार? आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बंद पेवात धान्य श्वास घेतं, आतला प्राणवायू संपत जातो, कर्बवायू साठतो आणि किडे मरतात. औषध नाही, फवारणी नाही, तरी ज्वारी टिकते. मात्र हाच वायू माणसालाही मारतो. म्हणून पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही. आधी वारं खेळू द्यायचं, मग दोरीनं पेटता दिवा आत सोडायचा. दिवा विझला तर थांबायचं. घाई करून उतरलेली माणसं गुदमरून गेल्याच्या गोष्टी आपल्याकडे आहेतच.

म्हणजे पेव सुरक्षित, पण सोयीचं अजिबात नाही. रोज उघडायची वस्तूच नाही ती. एकदा उघडलं की सगळं काढावं लागतं. आपण आजही म्हणतो ना, अमक्याचं पेव फुटलं! एकदम, एका वेळी, भसाभसा. तो शब्द तिथूनच आला. पण किल्ली, म्हणजे पेव कधी उघडायचं हा निर्णय, घरच्या माणसाकडे होता.

आता कापसाकडे येऊ, कारण कापसानं हे सगळं बदललं. कापूस पेवात ठेवता येत नाही. ओल लागली की तो पिवळा पडतो, कुजतो. तो जागा फार खातो, आणि ठिणगी पडली की संपलं. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलं. पुढे १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस मँचेस्टरला मिळेना, आणि सगळ्यांचं लक्ष हिंदुस्थानच्या कापसाकडे वळलं. त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे वऱ्हाडातून पुढे सरकली आणि १८६७ साली नागपूरला पोचली. धामणगाव याच मार्गावर. यवतमाळला तेव्हा रेल्वे नव्हती. विसाव्या शतकात मूर्तिजापूरकडून अरुंद रुळांची गाडी तिथे गेली. तोवर यवतमाळकडचा कापूस बैलगाड्यांनी सुमारे ४५ किलोमीटर तुडवत धामणगावच्या स्टेशनावर येई. म्हणजे वाटेत मुक्काम आलाच.

त्या गाडीवानाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. दोन दिवस बैल हाकत आलोय, बाजारात गाडी उभी आहे, व्यापारी भाव पाडून सांगतो. आता काय करायचं? कापूस परत न्यायचा, तर पुन्हा ४५ किलोमीटर. इथंच ठेवायचा, तर कुठं? गोदाम व्यापाऱ्याचं, जिन व्यापाऱ्याचा, धक्का रेल्वेचा. शेतकऱ्याचं कुलूप लागेल अशी एक खोली त्या गावात नाही. सौदा संध्याकाळच्या आत होणार, आणि तो कोणाच्या बाजूनं होणार हे सांगायला नको.

सरकारला हे दिसत नव्हतं असं नाही. कारंजा इथे १८८६ साली नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला, तो देशातला पहिला मानला जातो. त्यानंतर १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. मापं तपासायची, दलालांना परवाने द्यायचे, बाजारावर समिती बसवायची. आजच्या बाजार समित्यांची मुळं अशी आपल्या मातीत आहेत. तराजू सुधारला, हे खरं. पण रात्रीपुरता माल ठेवायची जागा शेतकऱ्याला त्या कायद्यानं दिली नाही.

व्यापाऱ्याच्या बाजूला मात्र साठवणूक झपाट्यानं शहाणी होत गेली. जिनात सरकी वेगळी झाली, प्रेसमध्ये रुईची गठाण बांधली गेली. दाबलेली गठाण जागा कमी घेते, वॅगनमध्ये जास्त मावते, आणि सुट्या रुईसारखी भडकन पेट घेत नाही. १९२५च्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या कायद्यानं प्रत्येक गठाणीवर प्रेसची खूण आणि क्रमांक टाकणं बंधनकारक केलं. गठाणीत पाणी मारलं, कचरा भरला, तर ती कुठल्या प्रेसमधून निघाली हे मुंबईत बसून कळावं. आजच्या बारकोडचं काम तेव्हा त्या खुणेनं केलं.

आणि सगळ्यात मोठी सोय म्हणजे बिल्टी. रेल्वेच्या ताब्यात माल दिला की रेल्वे पावती देते, ती बिल्टी. माल अजून धामणगावच्या धक्क्यावर असेल, पण ज्याच्या हातात बिल्टी त्याचा माल. ती विकता येते, तारण ठेवता येते. बघा, इथे किल्लीनं रूप बदललं. लोखंडाची किल्ली कागदाची झाली. ज्याच्याकडे हा कागद होता त्याला माल न हलवता पैसा उभा करता आला. तो कागद शेतकऱ्याकडे नव्हता, कारण त्यानं कापूस आदल्या दिवशीच विकलेला असे.

जबाबदारीचं काय? १८७२च्या करार कायद्यात याचं सुंदर उत्तर आहे. दुसऱ्याचा माल सांभाळायला घेतला, तर साधारण शहाणा माणूस स्वतःच्या मालाची जेवढी काळजी घेईल तेवढी घेतली पाहिजे. रेल्वेलाही १८९०च्या कायद्यानं हे तत्त्व लागू होतं. पण वाट ठेवलेली होती. मालकाच्या जोखमीवर माल पाठवला तर भाडं कमी, रेल्वेच्या जोखमीवर पाठवला तर जास्त. स्वस्तात पाठवायचं असेल तर सही करा, नुकसान तुमचं. बारीक अक्षरातल्या अटी काही आजच्या नाहीत, मंडळी.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न पहिल्यांदा शेतकऱ्याच्या बाजूनं विचारला गेला. रिझर्व्ह बँकेनं नेमलेल्या गोरवाला समितीचा ग्रामीण पतपुरवठ्याचा अहवाल १९५४ साली आला. त्यांनी सांगितलं की कर्ज, विक्री आणि साठवणूक या तीन गोष्टी एकत्र बांधल्याशिवाय शेतकरी सावकाराच्या हातून सुटणार नाही. त्यातून १९५६चा कायदा झाला, आणि १९५७ साली केंद्रीय वखार महामंडळ आणि आपलं महाराष्ट्र राज्य वखार महामंडळ उभं राहिलं. वखार हा शब्द आपल्याला सुरतेच्या इंग्रजांमुळे माहीत. आता त्याच शब्दात शेतकऱ्याचं सोयाबीन आणि तूर ठेवायची सोय झाली.

या वखारीत किल्ली शेतकऱ्याकडे नसते, पण पावती असते. त्या पावतीवर कर्ज मिळतं. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी सहा टक्के व्याजानं घ्यायची, आणि भाव सुधारला की विकायचं. २००७ साली वखारींच्या नियमनाचा कायदा झाला, २०१० साली त्याचं प्राधिकरण आलं, आणि २०१७ पासून ही पावती इलेक्ट्रॉनिक मिळू लागली. बिल्टीनं व्यापाऱ्याला जे दिलं, ते शेतकऱ्याला मिळायला शंभर वर्षांहून जास्त लागली.

आणि तरीही ते सगळ्यांपर्यंत पोचलेलं नाही. आठवा. २०२१-२२च्या हंगामात कापूस क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर गेला. पुढच्या वर्षी विदर्भातल्या अनेकांनी त्याच आशेवर कापूस घरात भरून ठेवला. माजघरात कापूस, खाटेखाली कापूस. भाव वर गेलाच नाही, उलट घसरला. घरात किडे झाले, लेकराबाळांच्या अंगाला खाज सुटली, आगीची भीती वेगळी. इथे किल्ली घरच्याच माणसाकडे होती, पेवासारखीच. पण घर हे पेव नाही आणि कापूस म्हणजे ज्वारी नाही. नुसती किल्ली हातात असून भागत नाही. जागा मालाला साजेशी हवी, आणि हातात असा कागद हवा ज्यावर चार पैसे उचलून मुलीची फी भरता येईल, म्हणजे भावाची वाट बघायला दम राहतो.

शहरातल्या माणसालाही हाच हिशोब लागू आहे. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक आपली आणि एक बँकेची. तरी वर्षानुवर्षं बँका म्हणत, आत काय आहे आम्हाला माहीत नाही, जबाबदारी नाही. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानं हे चालणार नाही असं सांगितलं. रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमांनुसार १ जानेवारी २०२२ पासून आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांत नुकसान झालं तर लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत बँक देणं लागते. सेल्फ स्टोरेजच्या खोलीचं सहसा वेगळं असतं. तिथे आपण जागा भाड्यानं घेतो, आतला माल आपल्या जोखमीवर राहतो. कॅमेरा चोराचा फोटो काढेल, भरपाई देणार नाही.

म्हणून खोली असो, लॉकर असो की वखार, सही करण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. माल माझ्याच नावावर आहे असं सांगणारा कागद मिळणार का? त्या कागदावर पैसे उचलता येतील का? आग, पाणी, उंदीर यांचा विमा कोणाच्या नावानं आहे? आणि मला हवा त्या दिवशी माल काढता येईल का, की त्यासाठी कोणाची परवानगी लागेल? धामणगावच्या बाजारात गाडी घेऊन उभ्या असलेल्या त्या माणसाला यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मिळत नव्हतं. आज उत्तरं मिळू शकतात. तेव्हा बाजार समितीत गेलात तर तारण योजनेचा अर्ज मागा, आणि दोनदा मागावा लागला तरी मागा.