हिंगोली स्टेशन आणि पायी चालणारी माणसं

आपल्या शाळेत इतिहासाच्या तासाला पानिपत झालं, प्लासी झाली. गावच्या स्टेशनाचा इतिहास मात्र कधी आला नाही. मी शिकले इंजिनिअरिंग, पोट भरते सॉफ्टवेअरवर, त्यामुळे इतिहासावर अधिकारानं बोलण्याची माझी योग्यता नाही. पण स्मरणिकेसाठी लिही म्हटल्यावर मनात आलं ते आपलं स्टेशनच. आणि स्टेशनापेक्षाही, दोन स्टेशनांच्या मधलं अंतर पायी तुडवणारी माणसं.

पूर्णा ते हिंगोली हा सुमारे ८० किलोमीटरचा मीटरगेज फाटा १९१२ साली सुरू झाला. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी गोदावरी खोऱ्यातली मुख्य लाइन त्याआधी दहा-बारा वर्षं धावू लागली होती. तिलाच पूर्णेहून ही फांदी फुटली. गंमत अशी, की हिंगोलीची ओळख तोवर लष्करी छावणीचं गाव अशी होती. हैदराबाद कंटिन्जंटचा तळ इथे १९०३ पर्यंत होता. म्हणजे छावणी उठली आणि नऊ वर्षांनी रेल्वे आली! ती शिपायांसाठी नव्हतीच. हिंगोली तेव्हा कापसाची मोठी बाजारपेठ होती, आणि कापसाच्या गाठींना रूळ हवे होते.

पण ही लाइन हिंगोलीला येऊन संपली, आणि जवळजवळ अर्धं शतक तिथेच संपत राहिली. उत्तरेला वऱ्हाडात अकोल्याला मुंबई–नागपूरची ब्रॉडगेज १८६० च्या दशकापासून होती. मधे सव्वाशे किलोमीटरची पोकळी. इकडे निजामाचं राज्य, तिकडे इंग्रजांचा अंमल. कनेरगावच्या नावातला 'नाका' आजही त्या सरहद्दीच्या बाजूलाच उभा आहे. ज्याला हिंगोलीहून अकोल्याला जायचं, त्यानं बैलगाडी जुंपावी, नाहीतर चालू लागावं. रेल्वेनं जायचं तर पूर्णा, परभणी, मनमाड असा मोठा वळसा. आपल्या भागातलं 'स्टेशन ते स्टेशन' असं सगळ्यात लांबचं चालणं ते हेच.

या चालण्याचा एक अध्याय आपल्यापैकी बऱ्याच घरांत ठाऊक असेल. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या धास्तीनं मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबं सरहद्द ओलांडून वऱ्हाडात गेली. स्वातंत्र्यसैनिकांच्या छावण्याही सरहद्दीपलीकडेच होत्या. माझी आजी तेव्हा बारा वर्षांची. घरातली माणसं दिवसा ज्वारीत बसून राहात आणि रात्री वाशीमच्या दिशेनं चालत. आजी सांगायची, "भीती रझाकारांची कमी अन् धाकट्या भावाच्या रडण्याची जास्त वाटायची." पुढे १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, १७ तारखेला निजाम शरण आला, आणि ही माणसं आली तशीच पायी परतली. १७ सप्टेंबरला आपण शाळेच्या मैदानावर झेंडावंदनाला उभे राहायचो, तेव्हा त्या तारखेमागे आजीचे पाय आहेत हे मला कुणी जोडून दाखवलं नव्हतं.

ती पोकळी स्वातंत्र्यानंतर भरली. खांडवा–हिंगोली हा जोडमार्ग १९६० च्या सुमारास पुरा झाला आणि राजस्थान-माळव्याकडची मीटरगेज दक्षिणेतल्या मीटरगेजला जोडली गेली. शेवटचं स्टेशन असलेलं हिंगोली एका रात्रीत मधलं स्टेशन झालं. जयपूरहून निघालेली मीनाक्षी एक्सप्रेस आपल्या गावावरून धावू लागली.

तरी चालणं थांबलं नाही, फक्त लहान झालं. पूर्णा ते हिंगोली मोजकीच स्टेशनं: वसमत, चोंढी, शिरळी, बोल्डा, नांदापूर अशी. दोन स्टेशनांत सरासरी दहा-बारा किलोमीटर, म्हणजे तरण्या पायांना अडीच तास. औंढ्या नागनाथाला जाणारे भाविक चोंढीला उतरून पुढे चालत. नामदेवांच्या नर्सीला जाणारे हिंगोलीला उतरत. जे नामदेव पंजाबात घुमानपर्यंत गेले, त्यांच्या गावाला चालत जायचं कुणाला जड वाटत नसावं. आणि आपल्या वर्गातली नांदापूरकडची मुलं आठवा. पॅसेंजर चुकली की दप्तर पाठीला लावून, कयाधूच्या बाजूनं, शेताच्या धुऱ्याधुऱ्यानं घर गाठायची. मुली मात्र गाडी चुकली की नातेवाइकाकडे मुक्काम करायच्या, आणि असं चार-सहा वेळा झालं की शाळेतून नाव कमी व्हायचं. आमच्या वर्गातल्या दोघींचं शिक्षण असं थांबलं. त्या हुशारीत माझ्यापेक्षा कमी नव्हत्या; माझं घर शाळेजवळ होतं, एवढाच फरक.

२००८ मध्ये पूर्णा–अकोला मार्ग ब्रॉडगेज झाला. एक मीटरच्या जागी १६७६ मिलिमीटरचं अंतर आलं, गाड्या लांबल्या, वेग वाढला. हे चांगलंच झालं. मात्र रुळांच्या कडेनं चालणं आता धोक्याचं आहे, कायद्यानं गुन्हाही आहे. शेतांमधल्या जुन्या वाटा वापर संपला की नांगराखाली जातात. कापसाच्या रानात आज हळद आणि सोयाबीन आहे; जुनी वाट कुठून जायची हे सांगणारी माणसं ऐंशीच्या पुढे गेली आहेत.

इंग्लंडमध्ये एका स्टेशनवर उतरून शेतांतल्या पायवाटेनं पुढच्या स्टेशनाला जाण्याची हौस लोक आवर्जून जपतात, तिथे त्या वाटा नकाशावर नोंदलेल्या असतात. आपल्याकडे ही हौस नव्हती, गरज होती. म्हणूनच कुणी नोंद ठेवली नाही. तेव्हा प्रत्येक बॅचनं एक काम घ्यावं असं सुचवते. आपल्या घरातल्या, गावातल्या एका म्हाताऱ्या माणसाला विचारा: कोणत्या स्टेशनाहून कुठे चालत गेलात, कोणत्या वर्षी, कशासाठी, वाटेत पाणी कुठल्या विहिरीचं प्यायलात? लिहून शाळेकडे द्या. नकाशावर मांडायचं काम मी करीन, तेवढं मला येतं.

आणि शाळा सुटलेल्या त्या मैत्रिणींची नावंही त्या नोंदीत असू द्या. त्यांना स्नेहमेळाव्याचं बोलावणं कुणी पाठवत नाही, पण वर्ग त्यांचाही होता.