शांता आपटे : पडद्यावरील बंड आणि पडद्यामागील संघर्ष

प्रस्तावना

भारतीय बोलपटाच्या पहिल्या दशकाचा इतिहास बहुधा चित्रसंस्था आणि दिग्दर्शक यांना केंद्रस्थानी ठेवून लिहिला गेला आहे. 'प्रभात'चा इतिहास म्हणजे दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम यांच्या कर्तृत्वाचा इतिहास, असे समीकरण रूढ झाले आहे. या मांडणीत अभिनेत्रीकडे भूमिका साकारणारी कलावती म्हणून पाहिले जाते. त्याच संस्थेत वेतनावर काम करणारी व्यक्ती म्हणून तिचा विचार क्वचितच होतो. गायिका-अभिनेत्री शांता आपटे यांची कारकीर्द या दुसऱ्या अंगाचा विचार करण्यास भाग पाडते. प्रस्तुत लेखात त्यांच्या कलाजीवनाचा या दृष्टीने आढावा घेतला आहे.

गायिका ते अभिनेत्री

भालजी पेंढारकर यांच्या 'श्यामसुंदर' (1932) या बोलपटातून शांता आपटे यांचे पडद्यावर पदार्पण झाले. पार्श्वगायनाची पद्धत तेव्हा रुळलेली नव्हती. नटाला स्वतःच गावे लागे. त्यामुळे गाता गळा ही अभिनेत्रीची प्राथमिक पात्रता ठरे. 1929 मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी 1933 मध्ये पुण्यास आली. तेथील 'अमृतमंथन' (1934) मुळे शांता आपटे यांचे नाव सर्वतोमुखी झाले. पुढे 'अमरज्योती' (1936) व 'गोपाळकृष्ण' (1938) हे त्यांचे उल्लेखनीय चित्रपट ठरले. गाताना हातवारे आणि चेहऱ्यावरील भाव यांचा मोकळा वापर हे त्यांचे वैशिष्ट्य होते. त्यापूर्वीच्या स्थिर, बैठकीच्या धाटणीच्या गायनापेक्षा ही शैली भिन्न होती.

'कुंकू'तील नीरा

1937 मध्ये प्रदर्शित झालेला 'कुंकू' (हिंदीत 'दुनिया न माने') हा त्यांच्या कारकिर्दीचा कळस होय. नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर तो आधारित होता. जरठ-कुमारी विवाहाचा प्रश्न मराठी प्रेक्षकाला नवा नव्हता. गोविंद बल्लाळ देवल यांच्या 'शारदा' (1899) नाटकाने तो रंगभूमीवर आणला होता. 1929 च्या शारदा कायद्याने मुलींच्या विवाहाचे किमान वय 14 ठरविले. परंतु वधूवरांच्या वयातील अंतर त्याच्या कक्षेबाहेर राहिले. 'कुंकू' नेमका याच जागी उभा राहतो. फसवणुकीने वृद्ध वकील काकासाहेबांशी लग्न लावून दिलेली नीरा त्यांना पती मानण्यास ठाम नकार देते. ती घर सोडत नाही आणि प्रारब्धालाही शरण जात नाही. अन्याय करणाऱ्याच्याच घरात राहून ती नकार जिवंत ठेवते. केशवराव दाते यांच्या काकासाहेबांमध्ये अखेर घडणारे परिवर्तन हे या नकाराचेच फलित होय.

या चित्रपटात परंपरागत पार्श्वसंगीताऐवजी प्रसंगात प्रत्यक्ष उत्पन्न होणाऱ्या ध्वनींचा वापर करण्यात आला. वाद्यमेळाचा आधार नसल्याने संगीतकार केशवराव भोळे यांच्या रचना पेलण्याची मोठी जबाबदारी गायिकेवर आली. लाँगफेलो या अमेरिकन कवीची इंग्रजी कविताही शांता आपटे यांनी या चित्रपटात गायिली. नीरा ही सुशिक्षित आणि विचार करणारी स्त्री आहे, हे त्यातून सूचित झाले.

करार आणि उपोषण

1939 मध्ये करारावरून शांता आपटे आणि 'प्रभात' यांच्यात वाद झाला. त्यांनी कंपनीच्या प्रवेशद्वाराशी उपोषण केले. त्या काळी चित्रसंस्थांमध्ये कलावंत मासिक वेतनावर असत. संस्थेला हे 'कुटुंब' म्हणण्याचा प्रघात होता. कुटुंब म्हटले की तक्रार कृतघ्नपणाची ठरते. उपोषणाने हा व्यवहार नोकरीचा आहे आणि त्याला अटी आहेत, हे उघडपणे मांडले. उपवास हे साधन राष्ट्रीय चळवळीमुळे समाजाच्या परिचयाचे होते. एका अभिनेत्रीने ते स्वतःच्या कामाच्या हक्कासाठी वापरले, हे त्याचे वेगळेपण.

1940 मध्ये त्यांचे 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. शीर्षकातील प्रश्नचिन्ह अर्थपूर्ण आहे. सिनेमाच्या झगमगाटाकडे ओढल्या जाणाऱ्या तरुणींपुढे या व्यवसायाची आर्थिक आणि सामाजिक बाजू आतल्या माणसाने मांडली, हे त्याचे महत्त्व होय.

उत्तरकाळ

'प्रभात'नंतर त्यांनी अन्य प्रांतांतही काम केले. तमिळ 'सावित्री' (1941) मध्ये त्यांनी शीर्षक भूमिका केली, त्यात एम. एस. सुब्बुलक्ष्मी नारदाच्या भूमिकेत होत्या. लाहोरच्या पांचोली संस्थेच्या 'जमीनदार' (1942) मध्येही त्या होत्या. मात्र नीरेच्या तोडीची भूमिका त्यांना पुन्हा लाभली नाही. पार्श्वगायन रूढ झाल्यावर गाणाऱ्या नटीचे स्थानही ओसरले. 1964 मध्ये त्यांचे निधन झाले.

निष्कर्ष

नीरेचा नकार दिग्दर्शकाने आणि कादंबरीकाराने घडविलेला होता. त्यामुळे त्याचे कौतुक करणे समाजाला सोपे गेले. 1939 चा नकार मात्र शांता आपटे यांचा स्वतःचा होता. पहिला चित्रपटाच्या इतिहासात सन्मानाने नोंदला गेला, तर दुसरा बहुधा किस्सा म्हणून सांगितला जातो. हे दोन नकार एकत्र वाचल्याखेरीज मराठी बोलपटाच्या सामाजिक पुरोगामित्वाचे मूल्यमापन पूर्ण होणार नाही. पडद्यावर स्त्रीच्या हक्काचा पुरस्कार करणारी संस्था आपल्या आवारातील स्त्रीच्या हक्काकडे कसे पाहते, हा प्रश्न शांता आपटे यांच्या चरित्राने इतिहासकारांपुढे ठेवला आहे.