वाजपेयींचा गुडघा आणि सोलापूरची जमीन

आजची गोष्ट गुडघ्याची. हसू नका, यात पंतप्रधान आहेत, न्यूयॉर्क आहे आणि आपलं सोलापूरही आहे.

ऑक्टोबर 2000. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी हॉस्पिटलमध्ये बदलला गेला. जून 2001 मध्ये उजवा. गुडघाही बदलता येतो, हे कित्येक घरांत तेव्हा पहिल्यांदा कळलं. तोवर एकच उत्तर असायचं: 'वय झालं, चालायचंच.'

आजाराचं नाव ऑस्टिओआर्थ्रायटिस. हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत अस्तर असतं. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ते झिजलं की नीट भरून येत नाही. मग खालचं हाडही बदलतं, टणक होतं, कडेनं वाढतं. जिना चढताना तोंडातून 'आई गं' निघतं ते यामुळे.

वाजपेयींचं ऑपरेशन केलं डॉ. चित्तरंजन राणावत यांनी. त्यांचं काम नुसतं ऑपरेशनपुरतं नव्हतं. 1974 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीत जॉन इन्सॉल, पीटर वॉकर आणि राणावत यांनी 'टोटल कॉन्डिलर' हा कृत्रिम गुडघा घडवला. आजचे बरेचसे कृत्रिम गुडघे त्याच घराण्यातले.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. माझा पहिला प्रश्न: रिक्वायरमेंट कोणाची होती? तो गुडघा साधारण 90 अंशांत वाकायचा. खुर्चीत बसणाऱ्याला तेवढं पुरतं. पण सोलापुरात हजारो बायका जमिनीवर बसून, मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. मांडी घालायला, उकिडवं बसायला गुडघा त्याहून कितीतरी जास्त वाकावा लागतो. नंतरची डिझाइन्स जास्त वाकतात, तरी ऑपरेशननंतर 'खाली बसू नका' असंच डॉक्टर बहुतेकांना सांगतात.

ऑगस्ट 2017 मध्ये सरकारनं किमतींना लगाम घातला. कोबाल्ट-क्रोमियमच्या साध्या कृत्रिम गुडघ्याची कमाल किंमत 54,720 रुपये ठरली, जीएसटी वेगळा. आधी तोच सरासरी दीड लाखाच्या वर जायचा. मोठं काम झालं, यात वाद नाही.

पण विडीची मजुरी मिळते हजारावर, आणि तो हजार भरतो जमिनीवर बसून. गुडघा स्वस्त झाला, बसायची जागा तीच राहिली.

म्हणून घरात हा विषय निघाला, तर डॉक्टरांना 'खर्च किती?' विचारायच्या आधी एवढं सांगा: आमची आई दिवसभर काम करते ती कशी बसून.

भेटू पुढच्या भागात!