जुन्या गिटारचा पुनर्जन्म : बंद पडलेली मॉडेल्स कंपन्यांनी पुन्हा घडवावीत का?

१/
१९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतील गिब्सन कंपनीने ‘लेस पॉल स्टँडर्ड’ ही इलेक्ट्रिक गिटार लाल-पिवळ्या ‘सनबर्स्ट’ रंगात विकली. एकूण नग निघाले सुमारे दीड हजार, किंमत तीनशे डॉलरच्या आत. खप मनासारखा होईना, म्हणून कंपनीने ती बंद केली. आज त्यांतल्या एकेका नगासाठी संग्राहक लाखो डॉलर मोजतात, आणि तीच कंपनी त्या गिटारच्या प्रतिकृती नव्याने घडवून विकते. आपणच बंद केलेली वस्तू उत्पादकाने अशी पुन्हा घडवावी का? या प्रश्नाचा इतिहास सत्तर वर्षांचा आहे. तो क्रमाने पाहू.

२/
पोकळ लाकडी पेटीच्या गिटारला पिकअप बसवून आवाज वाढवला, की पेटीच थरथरू लागते आणि कर्कश शीळ घुमते. उपाय साधा होता : पेटी भरीव करायची. कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी १९५० मध्ये भरीव गिटार बाजारात आणली. तीच पुढे ‘टेलिकास्टर’ म्हणून ओळखली गेली. मिशिगनमधील कॅलमझू येथील गिब्सन ही जुनी, प्रतिष्ठित पेढी. तिचे प्रमुख टेड मॅकार्टी यांनी या आव्हानाला उत्तर म्हणून १९५२ मध्ये सोनेरी रंगाची भरीव गिटार काढली आणि तिला त्या काळचे लोकप्रिय वादक लेस पॉल यांचे नाव दिले.

३/
पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेले बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे. ते गिटारच्या तारेचे कंपन टिपते, पण भोवतालच्या वीजप्रवाहाची गुणगुणही टिपते. गिब्सनचे अभियंते सेथ लव्हर यांनी दोन वेटोळी शेजारी ठेवून एकाची दिशा आणि चुंबकीय ध्रुव उलटे केले. गुणगुण परस्परांना छेदून नाहीशी झाली आणि तारेचा स्वर मात्र दुणावला. हाच ‘हंबकर’. पेटंटसाठी अर्ज १९५५ मध्ये झाला, मंजुरी १९५९ मध्ये आली. मधल्या काळातील पिकअपखाली ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाची चिकटपट्टी असे. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ते पिकअप आजही ‘पीएएफ’ म्हणून ओळखले जातात.

४/
१९५७ मध्ये लेस पॉलवर हंबकर बसले, १९५८ मध्ये सोनेरी रंगाच्या जागी सनबर्स्ट आला. आज जिला सर्वश्रेष्ठ मानले जाते ती गिटार सिद्ध झाली, पण गिऱ्हाईक फिरकले नाही. ती जड होती, आणि तिच्यातून निघणाऱ्या जाड, दीर्घ स्वराची गरज असलेले संगीत अजून जन्मायचे होते. १९६१ पासून कंपनीने पातळ, दोन शिंगांची नवी घडण आणली. लेस पॉल यांना ती रुचली नाही; १९६३ मध्ये त्यांचे नाव त्या गिटारवरून निघाले आणि तिला ‘एसजी’ हे नाव मिळाले.

५/
पुढचा अध्याय लंडनमध्ये लिहिला गेला. अमेरिकी ब्लूजने झपाटलेल्या इंग्रज तरुणांच्या हाती या टाकून दिलेल्या गिटारी पडल्या. १९६६ मध्ये जॉन मेयॉल यांच्या ‘ब्लूज ब्रेकर्स’बरोबर एरिक क्लॅप्टन यांनी सनबर्स्ट लेस पॉल मार्शल अँप्लिफायरला जोडून ध्वनिमुद्रण केले. अँप्लिफायरचा आवाज इतका चढवलेला होता की स्वर फाटू लागला, आणि तो फाटलेला स्वरच पुढे रॉक संगीताची ओळख ठरला. पीटर ग्रीन, जिमी पेज याच वाटेने गेले. बंद पडलेल्या गिटारला मागणी आली, तेव्हा कारखान्यात ती तयारच होत नव्हती.

६/
१९६८ मध्ये गिब्सनने लेस पॉल पुन्हा सुरू केली. सर्वांना हवी होती ती हंबकरवाली सनबर्स्ट मात्र त्यात नव्हती. आल्या त्या जुन्या पिकअपची सोनेरी आणि महागडी काळी ‘कस्टम’. पुढच्याच वर्षी मूळ कंपनीची मालकी बदलली. नंतरच्या ‘नॉर्लिन’ पर्वात थरांवर थर चिकटवून पेट्या बनू लागल्या, मानेचे लाकूड बदलले, वजन वाढले. नाव तेच, आकारही जवळपास तोच, पण वादकांना फरक कळत होता. जुन्या गिटारींचा स्वतंत्र बाजार उभा राहिला तो याच काळात.

७/
फेंडरची कथा याहून वेगळी नाही. १९६५ मध्ये लिओ फेंडर यांनी आपली कंपनी सीबीएस या प्रसारण उद्योगाला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. उत्पादन वाढले आणि दर्जा घसरल्याची तक्रारही वाढत गेली. वादक ‘सीबीएसपूर्व’ गिटार शोधू लागले. कंपनीच्या जमाखर्चातील एक व्यवहार अशा रीतीने वाद्यांच्या कालगणनेची सीमारेषा होऊन बसला.

८/
ही पोकळी भरून काढली जपानने. टोकाई, ग्रेको यांसारख्या नाममुद्रांनी सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात जुन्या अमेरिकी गिटारींच्या इतक्या बारकाईने नकला केल्या की नक्कल मूळ कंपनीच्या नव्या मालापेक्षा सरस वाटू लागली. १९७७ मध्ये गिब्सनच्या मालकांनी गिटारच्या शिराच्या आकारावरून आयबानेझच्या वितरकांविरुद्ध दावा लावला; तो पुढे तडजोडीने मिटला. पण आपल्याच जुन्या गिटारींची ओढ दुसऱ्यांनी ओळखावी आणि आपण ओळखू नये, या वास्तवावर न्यायालयात उतारा नव्हता.

९/
१९८१ मध्ये बिल शुल्ट्झ यांच्याकडे फेंडरची सूत्रे आली आणि १९८२ मध्ये कंपनीने १९५२ ची टेलिकास्टर, तसेच १९५७ आणि १९६२ ची स्ट्रॅटोकास्टर पुन्हा घडवल्या. त्यासाठी कंपनीच्या लोकांना जुने नग गाठून त्यांची मापे घ्यावी लागली. स्वतःच्या कारखान्यात एकेकाळी रोज होणारे काम कसे होत असे, हे कंपनीला बाहेरच्या जगातून शिकावे लागले. त्याच वर्षी ‘फेंडर जपान’ स्थापन झाली आणि मात्सुमोटो येथील फुजिगेन कारखान्यात फेंडरच्याच नावाने गिटारी बनू लागल्या.

१०/
यावरून पुनर्निर्मितीच्या बाजूचा पहिला मुद्दा निघतो. कारागिरीचे ज्ञान कागदावर फार थोडे उरते. ते हातात असते, आणि हात निवृत्त झाले की ज्ञानही जाते. जुनी वस्तू पुन्हा घडवायची म्हटली की कोणता डिंक, कोणता वार्निश, मानेची गोलाई किती, या प्रश्नांची उत्तरे शोधावीच लागतात. १९९३ पासून गिब्सनच्या ‘हिस्टॉरिक’ मालिकेत वर्षागणिक सुधारणा होत गेल्या, त्या अशाच शोधातून. हे काम इतिहाससंशोधनाच्या जवळचे आहे.

११/
दुसरा मुद्दा न्यायाचा. फेंडरची ‘जॅझमास्टर’ १९५८ मध्ये जॅझ वादकांसाठी आली; ते वादक तिच्याकडे वळले नाहीत. ‘जॅग्वार’ १९७५ मध्ये आणि जॅझमास्टर १९८० मध्ये बंद झाली. जुन्या बाजारात त्या स्वस्त मिळत, म्हणून पैसे नसलेल्या तरुणांनी त्या उचलल्या : न्यूयॉर्कमध्ये सॉनिक युथ, पुढे निर्वाणाचा कर्ट कोबेन. मग त्यांचीही किंमत चढली. ज्या वर्गाने त्या गिटारला अर्थ दिला, त्याच वर्गाच्या हातून ती निसटू लागली. अशा वेळी कंपनीने नवी प्रत काढली, तर काचेच्या कपाटात गेलेले वाद्य निदान रूपाने तरी वादकाकडे परत येते.

१२/
आता आक्षेप. सर्वांत वजनदार आक्षेप असा, की मागे पाहण्याची सवय लागलेली कंपनी पुढचे पाहत नाही. १९५८ मध्ये गिब्सनने बाणाच्या आकाराची ‘फ्लाइंग व्ही’ काढली. १९५८ आणि १९५९ मिळून शंभरही नग कारखान्याबाहेर पडले नाहीत. आज ती अभिजात मानली जाते. मॅकार्टी यांनी तेव्हा तीस वर्षांपूर्वीच्या गिटारींच्या प्रतिकृती काढण्यात समाधान मानले असते, तर आज पुनर्निर्मिती करायला काही उरलेच नसते. जुन्याचा गौरव करताना ते जुने एकेकाळी धाडस होते, हे विसरता येत नाही.

१३/
दुसरा आक्षेप लाकडाचा, आणि त्याचा धागा थेट आपल्या जंगलापर्यंत येतो. मूळ लेस पॉलच्या मानेवरील पट्टी ब्राझिलियन रोझवूडची होती. १९९२ पासून ‘साइट्स’ करारान्वये त्या झाडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर जवळजवळ संपूर्ण बंदी आहे. त्याची जागा मोठ्या प्रमाणावर घेतली भारतीय रोझवूडने, म्हणजे पश्चिम घाटातही वाढणाऱ्या आपल्या शिसवाने. २०११ मध्ये अमेरिकी अधिकाऱ्यांनी गिब्सनवर घातलेल्या छाप्यांत भारतातून आलेले शिसव आणि आबनूस जप्त झाले होते. २०१२ च्या समझोत्यात कंपनीने मादागास्करच्या आबनुसाच्या प्रकरणात ३ लाख डॉलर दंड भरला आणि भारतीय लाकूड तिला परत मिळाले. २०१७ पासून शिसवाच्या संपूर्ण प्रजातीकुळावर ‘साइट्स’चे नियंत्रण आले, २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली. गतकाळाची हुबेहूब प्रत काढायची, तर गतकाळाची जंगलेही लागतात. ती आता तितकी शिल्लक नाहीत.

१४/
तिसरा आक्षेप इतिहासाच्या विद्यार्थ्याला विशेष भावेल : मूळ प्रत म्हणजे नेमकी कोणती? सनबर्स्टचा लाल रंग उन्हात उडत असे. म्हणून आज कुणाची गिटार मधाळ दिसते, कुणाची फिकट लिंबाच्या रंगाची. पीएएफ पिकअपवर तारेचे वेढे मोजून एकसारखे दिले जात नसत, चुंबकही बदलत. दीड हजार गिटारी म्हणजे दीड हजार पाठभेद. जुन्या पोथीची संपादित आवृत्ती काढणाऱ्याला जे ठरवावे लागते, तेच इथे कारखान्याला ठरवावे लागते. कोणती प्रत प्रमाण मानली, हा निर्णय आहे. तो निर्णय आहे हे मान्य करणे, ही प्रामाणिकपणाची पहिली पायरी.

१५/
हा प्रामाणिकपणा ‘रेलिक’ प्रकारात पणाला लागतो. १९९५ पासून फेंडर नव्या गिटारी मुद्दाम खरवडून, रंग उडवून विकते. नंतर गिब्सननेही ती वाट धरली. चाळीस वर्षांच्या वादनाच्या खुणा काही तासांत उमटतात. ज्याला तो स्पर्श आवडतो त्याने ती जरूर घ्यावी, पण अशीच वस्तू पुढे खोटेपणाने ‘अस्सल’ म्हणून खपू शकते. म्हणूनच गिब्सनच्या १९५९ च्या प्रतिकृतीत आतल्या पोकळीत उमटवला जाणारा ‘आर ९’ हा शिक्का महत्त्वाचा. आपण प्रत आहोत, हे प्रतीने स्वतः सांगितलेच पाहिजे.

१६/
पुनर्निर्मितीत सर्वांत सहज हरवतात ती माणसे. नॅशव्हिलला नवा कारखाना उभा राहिल्यावर १९८४ मध्ये कॅलमझूचा कारखाना बंद झाला. ज्यांना गाव सोडायचे नव्हते अशा काही जुन्या कामगारांनी १९८५ मध्ये त्याच इमारतीत ‘हेरिटेज’ नावाने गिटारी बनवायला सुरुवात केली. नाममुद्रा एका गावी गेली, हात दुसऱ्या गावी राहिले. मग वारसा कुणाकडे? फेंडरमध्ये अबिगेल यबारा या १९५६ मध्ये कामाला लागल्या आणि अनेक दशके पिकअप गुंडाळत राहिल्या. उत्तरायुष्यात त्यांच्या सहीचे पिकअप संग्राहक आवर्जून शोधू लागले. पन्नासच्या दशकातील बाकीच्या बहुतेक हातांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही.

१७/
तेव्हा उत्तर होकारार्थीच, पण अटींसह. बंद पडलेली गिटार पुन्हा घडवावी. कारण तिच्यामुळे कारागिरीचा अभ्यास होतो आणि वाद्य तिजोरीतून वादकाच्या खांद्यावर येते. मात्र प्रतीवर प्रत असल्याची खूण असावी. लाकूड बदलले असेल, तर ते अभिमानाने सांगावे. जुन्या वर्षाच्या आकड्याबरोबर त्या वर्षी काम करणाऱ्यांची नावेही जमतील तितकी छापावीत. आणि कारखान्यातील एक तरी मेज अशा गिटारसाठी मोकळे ठेवावे, जी आज कुणी घेणार नाही. १९५८ ची सनबर्स्ट त्या दिवसांत अशीच एक गिटार होती.