कागदी फीत आणि विसरलेले हात



दारी तारवाला आला की काळजात धस्स होई, तो काळ पाहिलेली माणसे या सभागृहात आहेत. त्या तारेमागे पुष्कळदा एक कागदी फीत असे. टेलिप्रिंटरवर बोटे चालत, फितीत भोके पडत आणि ती वाचून यंत्र मजकूर पुढे धाडी. ओळीत पाच जागा; प्रत्येक जागी भोक आहे किंवा नाही. एवढ्यावर ३२ खुणा होत. एका इंचात १० खुणा मावत.

हीच फीत गणकयंत्रांनी उचलली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘टिफ्रॅक’ उभारले. १९६० साली ते पूर्णपणे कामाला लागले. सुमारे २,७०० निर्वात नळ्या, २,०४८ शब्दांची स्मृती. आणि गणित आत जाई ते फितीवाटे. १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हे परदेशी यंत्र आले आणि टिफ्रॅकची सद्दी संपली.

आज जुनी यंत्रे पुन्हा उभी करणारे हौशी लोक आहेत. इंग्लंडात ब्लेचली पार्कला महायुद्धातील ‘कोलोसस’ पुन्हा उभे राहिले; त्याची फीत सेकंदाला ५,००० अक्षरे धावते. कुणी घरीच १९६५ च्या पीडीपी-८ ची प्रतिकृती जुळवतो आणि सेकंदाला १० अक्षरे वाचणारा जुना टेलिटाइप तिला जोडतो. यंत्र नकाशावरून जुळते. हाताचे कसब मात्र नकाशात नसते.

एक उदाहरण देतो. पाडलेले भोक बुजत नाही. मग चूक झाल्यास काय करावे? तारखात्यातील एका निवृत्त गृहस्थांनी मला सांगितले: फीत एक घर मागे घ्यायची आणि चुकीच्या अक्षरावर पाचही भोके पाडायची. त्या खुणेला काहीच छापले जात नसे. केवढी साधी युक्ती!

मी कामगार चळवळीतला माणूस. यंत्राविरुद्धच्या लढ्यांचा इतिहास मला पाठ आहे. विमा कर्मचाऱ्यांनी गणकयंत्रांना केलेला विरोध, १९६९ ची प्रा. वि. म. दांडेकर यांची समिती, हे मी सभांतून सांगत आलो. ते लढे रास्तच होते. परंतु नोकरी वाचवण्याच्या धडपडीत, त्या नोकरीत माणसाला काय येत होते, हे आम्ही लिहून ठेवले नाही. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली, तेव्हाही नाही. ही चूक आमची आहे.

तिच्यावर पाच भोके पाडून चालणार नाही. आपल्या गल्लीत कुणी जुना तारबाबू असेल, तर त्याच्याजवळ वही घेऊन बसा.