माळवदावरची माती

आमच्या गावाकडे वळवाचे दोन-चार थेंब पडून गेले की आबा माळवदावर चढायचे. आबा म्हणजे माझे आजोबा, औसा तालुक्यातले गवंडी. गावठाणाच्या कडेची पांढरी माती बैलगाडीनं यायची. आम्ही पोरं ती पाट्यांनी वर द्यायचो आणि आबा ती पसरून, पाणी शिंपडून, चोपण्यानं चोपून पनाळाकडे उतार काढायचे. साण्याच्या कडा नीट लिंपाव्या लागत, नाहीतर मृगाचं पाणी थेट चुलीत. हे काम दरवर्षीचं. पण जुनी माती कुणी काढत नसे. नवी तिच्यावरच पडायची. बापानं टाकली, तिच्यावर लेकानं टाकली, तिच्यावर नातवानं.

मी एकदा विचारलं, तर आबा म्हणाले, "काढायची कशाला? मातीनं घर गार राहतंय. पांघरूण हाय ते घराचं."

पुढे मी विज्ञानाचा मास्तर झालो. आधी लातूर, मग नांदेड. तीसेक वर्षं नववीच्या पोरांना न्यूटनचे तीन नियम शिकवले. हे पांघरूण किती जड आहे, हे मात्र सुरुवातीची कित्येक वर्षं मोजलं नाही. मोजलं तेव्हा १९९३ सालचा ऑक्टोबर उजाडला होता.

माळवदाचं घर बांधणारे अडाणी नव्हते, हे आधी सांगून टाकतो. उन्हाळ्यात पारा बेचाळिसावर जातो, पाऊस बेताचा, आणि नांगराला जागोजागी काळा दगड लागतो. जे हाताशी होतं त्यातून घर उभं राहिलं. ऐपतवाल्याच्या घराला सागवानी खण असत: चार खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर लिंबाचा पाला आणि मग माती. घर सांगताना लोक खोल्या मोजत नसत, खण मोजत. "बारा खणाचा वाडा" म्हटलं की सोयरीक करणाऱ्याला पुढचं विचारावं लागत नसे.

भिंती जाड असण्याला थंडाव्यापलीकडे आणखी एक कारण होतं. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात. दरोड्यांचं भय, धान्य-दागिना घरातच. देशमुख-पाटलांच्या गढ्या बघून गावानंही भिंत रुंद करायची ती केलीच. दोन हात, कुठे अडीच हात. खिडक्या जवळपास नाहीतच. भिंतीची रुंदी ही घराण्याची पत झाली.

आता ही भिंत आतून कशी असे, ते गवंड्याच्या नातवाला माहीत आहे. बाहेरून एक थर दगडांचा, आतून एक थर दगडांचा, आणि दोन्हींच्या मधे चिखल, कपच्या, गोटे. दर्शनी दगड घडीव, मागची बाजू अणकुचीदार, ओबडधोबड. दोन्ही थरांना एकत्र शिवणारा आरपार दगड घालायचा तर तो लांब हवा, घडवायला वेळ हवा, मजुरी हवी. तो हळूहळू गळत गेला. चांगलं लाकूड महागलं तसे भिंतीलगतचे खांबही गळाले आणि तुळयांची टोकं सरळ भिंतीवर टेकू लागली. बाहेरून घर तेच दिसे. एकच जाड भिंत दिसे, पण असत त्या दोन पातळ भिंती, एकमेकींशी अबोला धरून शेजारी उभ्या राहिलेल्या.

१९९२ च्या ऑक्टोबरात किल्लारीला धक्के बसले. लोक घाबरले, काही दिवस बाहेर झोपले. मग काढणी आली, थंडी आली, माणसं आत गेली. त्या काळच्या सरकारी भूकंप नकाशात हा सगळा टापू सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. दख्खनचं पठार म्हणजे अचल, असं मीही फळ्यावर लिहून दिलेलं आहे.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बोळवून गावं उशिरा झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. मी लातुरात भाड्याच्या घरात होतो. मांडणीतली भांडी खाली आली आणि आम्ही रस्त्यावर आलो. उजाडल्यावर गावाकडे निघालो. गाव दिसायला हवं होतं त्या वळणावर धूळ होती आणि दगडांचे ढीग होते. किल्लारी, सास्तूर, होळी, राजेगाव, मंगरूळ अशा गावांची नावं त्या आठवड्यात जगाला कळली. तेरणेच्या दोन्ही अंगांना, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून आठ ते दहा हजार माणसं गेली. आमच्या घरातून चुलती गेली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये तिनं निरोप पाठवला होता, माळवद गळतंय म्हणून. दोन गाड्या मातीचे पैसे मीच दिले होते.

हिशेब मी नंतर केला, वहीच्या मागच्या पानावर. दहा फूट बाय दहा फूट खोली. वर दोन फूट माती. बऱ्याच घरांवर याहून जास्त होती. साधारण साडेपाच घनमीटर. घनमीटरला दीड टनाहून थोडं अधिक धरा. एका खोलीवर नऊ टन. दोन हत्ती माळवदावर बसवून आम्ही खाली झोपत होतो, आणि दरवर्षी हत्तीला खाऊ घालत होतो.

नऊ टन नुसते बसून असतील तर जाड भिंत ते पिढ्यान् पिढ्या पेलते. दाब सहन करण्यात दगडाचा हात कुणी धरणार नाही. घोळ होतो तो जमीन आडवी सरकते तेव्हा. घोंगडी झटकली की धूळ का उडते? घोंगडी पुढे जाते, धूळ आपल्या जागी राहू बघते. हाच न्यूटनचा पहिला नियम. एसटीनं अचानक हिसका दिला की उभा प्रवासी मागे जातो, तेही हेच. त्या पहाटे जमीन घोंगडीसारखी झटकली गेली. पाया जमिनीबरोबर गेला आणि माळवद जागचं हलायला तयार नव्हतं. जितकं वजन जास्त तितका त्याचा हट्ट जास्त. दुसऱ्या नियमात त्या हट्टाचं माप आहे: वस्तुमान गुणिले त्वरण. जमिनीचं त्वरण गुरुत्वाच्या पाचव्या हिश्शाइतकं धरलं, तरी नऊ टनांच्या छताला बरोबर न्यायला जवळजवळ दोन टनांची आडवी ओढ लागते. ती कुणी सोसायची? मधल्या चिखलानं. चिखल दाब सोसतो, ताण सोसत नाही. दोन थर विलग झाले, एक बाहेर पडला, एक आत. तुळईचं टोक सुटलं आणि माती खाली आली.

म्हणूनच त्या ढिगाऱ्यांत एक चमत्कारिक दृश्य दिसे. भिंती सपाट झालेल्या, पण जिथे खण पुरता होता तिथे सागवानी खांब-तुळया उभ्या. लाकूड वाकतं, सांध्यात थोडं खेळतं, पुन्हा सरळ होतं. आणि गावाबाहेरच्या कुडाच्या झोपड्या हलल्या, कलल्या, पण त्यांतली माणसं बरीचशी वाचली. ज्यांना दगडी घर परवडत नव्हतं त्यांना भूकंपानं सोडलं. पत राखणाऱ्या भिंतींनी मात्र घात केला.

भूकंपाची महत्ता होती ६.२. चारच वर्षं आधी, १९८९ च्या ऑक्टोबरात, कॅलिफोर्नियात लोमा प्रिएटाला ६.९ चा भूकंप झाला होता. त्यात आमच्यापेक्षा दहा-अकरा पट ऊर्जा सुटली, आणि माणसं गेली ६३. फरक जमिनीत शोधायला गेलं तर सापडत नाही, तो डोक्यावरच्या छपरात सापडतो.

"पण मास्तर, इथं जमीन हललीच कशी?" हा प्रश्न मला त्या वर्षी प्रत्येक पारावर विचारला गेला. कुणी तेरणेच्या धरणाकडे बोट दाखवे, कुणी देवाकडे. मी वर्गात सांगायचो तेच सांगायचो. भारताचा तुकडा वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आहे. माझी सत्तरी झाली. माझ्या हयातीत तो साडेतीन मीटर गेला, म्हणजे आमच्या माजघराच्या रुंदीइतका. पुढे आशियाचा तुकडा आडवा आला आहे. पाचेक कोटी वर्षांपूर्वी टक्कर सुरू झाली, तिची घडी म्हणजे हिमालय. आपण त्याला ढकलतो, तो तितक्याच जोरानं आपल्याला ढकलतो, हा तिसरा नियम. गर्दीत पुढचा माणूस थांबला की मागच्याच्या बरगड्यांत कळ येते, तसा हा रेटा हजारभर किलोमीटर मागे, पार आपल्या पठारापर्यंत पोहोचतो. जिथे जुनी चीर असते तिथे तो साठत राहतो आणि एके दिवशी खडकाचा एक भाग दुसऱ्यावर चढतो. किल्लारीजवळच्या शेतांत काही ठिकाणी जमीन उचललेली लोकांनी डोळ्यांनी पाहिली.

मग ही चीर आधी कुणाला का दिसली नाही? कारण पृथ्वीनंही आपल्या घरावर माळवद घातलेलं आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर साचला आणि खालचा जुना खडक झाकून गेला. भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं किल्लारीला खोल छिद्र पाडलं, तेव्हा काळ्या दगडाचा थर ३३८ मीटर जाड निघाला. त्याच्याखाली अब्जावधी वर्षं जुना खडक. आपण ज्याला अचल म्हणत होतो ते केवळ वरचं पांघरूण होतं.

पुढची कथा बरीच लिहिली गेली आहे. बावन्न गावं नव्या जागी वसली, जमिनीच्या मानानं २५०, ४५० किंवा ७५० चौरस फुटांची घरं मिळाली. इतर हजारो गावांत दुरुस्तीचं काम चाललं, त्यात बायकांनी संवाद सहायक म्हणून घरोघरी जाऊन समजावलं. समजावायचं थोडकंच होतं: माळवदावरची माती कमी करा, भिंतीत आरपार दगड घाला, खांब-तुळईच्या कोनात तिरपा टेका द्या. २००२ साली भूकंप नकाशातला तो "सर्वांत सुरक्षित" पट्टाच रद्द झाला आणि लातूर तिसऱ्या क्षेत्रात गेलं.

पण लोकांनी धडा घेतला तो निराळाच. दगड वाईट, माती वाईट, जुनं सगळं वाईट. ज्या सागवानी खणांनी आपला शब्द पाळला होता, ते खांब जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांना विकले गेले. त्यांच्या जागी कॉलमशिवाय, नुसत्या विटांच्या भिंतीवर टाकलेला स्लॅब आला. स्लॅब म्हणजे मजबूत, हे नवं ब्रीद. आबांना भिंतीची जाडी म्हणजे मजबुती वाटे. आम्हाला सिमेंट म्हणजे मजबुती वाटते. घराचे भाग एकमेकांना बांधलेले आहेत का आणि वर वजन किती आहे, हे दोन प्रश्न तेव्हाही कुणी विचारले नाहीत, आताही विचारत नाही.

हे सगळं मला पुन्हा आठवलं ते नांदेडात. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहा वाजून गेल्यावर खाट हलली. महत्ता ४.५, केंद्र शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात. त्याच वर्षी १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमाराला पुन्हा तेवढाच धक्का, केंद्रही त्याच जिल्ह्यात. काही भिंतींना तडे गेले, बाकी निभावलं. मार्चच्या धक्क्यानंतर प्रशासनानं एक आवाहन केलं, आणि मला ते त्या दिवसातलं सर्वांत शहाणं वाक्य वाटलं: पत्र्यावर आधारासाठी ठेवलेले दगड काढून घ्या.

आमच्या गल्लीच्या मागे पत्र्याच्या घरांची ओळ आहे. वाऱ्यानं पत्रे उडू नयेत म्हणून प्रत्येकावर दहा-बारा काळे दगड, एखादं जुनं जातंही. त्या सकाळी शेजारची दोन पोरं घेऊन मी शिडी लावली. एका घरचा कर्ता म्हणाला, "सर, वारं आलं की काय करू?" मी म्हटलं, "पत्रा खालच्या पाइपाला जे-हुकनं आवळून घ्या. दगडाचं काम हूक करतो आणि तो डोक्यात पडत नाही." त्यानं मान डोलावली, दगड उतरवले. जूनमध्ये वावटळ आली आणि चार दगड परत वर गेले. मी पुन्हा शिडी घेऊन गेलो. या वेळी हुकांचं पाकीट खिशात होतं.

वाचणाऱ्याकडे माझं मागणं एवढंच आहे. आज संध्याकाळी घराबाहेर उभं राहून वर बघा. माळवद असेल तर मातीची जाडी टेपानं मोजा. स्लॅब असेल तर त्यावरची भरलेली टाकी, रचलेल्या विटा, कुंड्या मोजा. पत्रा असेल तर दगड मोजा. जे बांधलेलं नाही ते बांधा, जे नको आहे ते खाली उतरवा. माती टाकायला आम्ही दरवर्षी चढत होतो. काढायला एकदाच चढायचं आहे.